वाचेचे स्थान शोधणारे पॉल ब्रोका

आपल्या कतारगामातील हिऱ्यांच्या कारखान्यांत एकाच हिऱ्यावर अनेकांचे हात फिरतात. एकजण खड्याची आखणी करतो, दुसरा त्याला घाट देतो, तिसरा पैलू पाडतो. मनुष्याच्या मनातही कामांची अशीच वाटणी असेल काय, की मन हे एकसंधच असते? या प्रश्नाचा मागोवा ज्यांनी रुग्णशय्येपाशी बसून घेतला, त्या पॉल ब्रोका यांचा हा अल्प परिचय.

ब्रोका यांचा जन्म २८ जून १८२४ रोजी फ्रान्समधील सँत-फ्वा-ला-ग्रांद या गावी, एका डॉक्टरांच्या घरी झाला. पॅरिस येथे वैद्यकाचे अध्ययन करून ते नामांकित शस्त्रवैद्य झाले. त्यांच्या पूर्वी फ्रान्झ गाल यांनी प्रत्येक मनःशक्तीला मेंदूत निराळे स्थान असते, असे प्रतिपादिले होते. परंतु ते कवटीवरील उंचवटे चाचपून माणसाचे गुण ठरवीत. त्यामुळे विद्वानांनी ती कल्पनाच थट्टेवारी नेली.

एप्रिल १८६१ मध्ये बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा ५१ वर्षांचा रोगी ब्रोकांकडे आला. त्याच्या मुखातून बहुधा 'तां' एवढाच ध्वनी निघे. लोक त्यास त्याच नावाने ओळखत. मात्र किती वर्षे येथे आहेस, असे विचारताच त्याने डाव्या हाताची पाचही बोटे चार वेळा दाखवून वर एक बोट उभे केले. तो तेथे २१ वर्षे होता! वाचा गेली होती, पण समज शाबूत होती. थोड्याच दिवसांत तो निवर्तला. शवविच्छेदनात मेंदूच्या डाव्या बाजूस, कपाळामागील भागात, इजा आढळली. त्याच वर्षी दुसऱ्या एका रोग्याच्या मेंदूतही तेथेच बिघाड दिसला. पुढे त्या भागास ब्रोकांचेच नाव मिळाले.

थोरांच्याही चुका होतात. मेंदूच्या आकारावरून स्त्रियांची व अन्य वंशांची बुद्धी कमी लेखण्याचे ब्रोकांचे मत शास्त्राने पुढे त्याज्य ठरविले. १८७४ मध्ये वेर्निके यांनी भाषेच्या आकलनाचा संबंध मेंदूच्या निराळ्या भागाशी जोडून दाखविला. जतन केलेल्या लबोर्न्यच्या मेंदूची २००७ मध्ये यंत्राद्वारे पुन्हा तपासणी झाली, तेव्हा इजा पुष्कळ खोलवर गेल्याचे दिसले. म्हणजे मेंदूत कामांची वाटणी आहे खरी, पण कोणतेही दालन बंद नाही; सर्वांना जोडणाऱ्या वाटा आहेत. त्या दालनांच्या सीमा कोठे, याविषयी शास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत.

९ जुलै १८८० रोजी ब्रोका कालवश झाले. वर्गात एखादा सोबती अडखळत बोलत असेल, तर विद्यार्थिमित्रांनो, त्याला मंदबुद्धी म्हणण्यापूर्वी लबोर्न्यची ती बोटे आठवावीत.