गोलरक्षक रिचर्ड ॲलन

गोदाकाठचे सायखेडा असो वा दुसरे कोणतेही गाव, शाळेच्या पटांगणावर संघ पडू लागले की ज्याला धावता येत नाही त्याला गोलात उभे करण्याची रीत आहे. गोल करणाऱ्याचा जयजयकार होतो. अडविणाऱ्याची आठवण होते ती तो चुकल्यावर. नागपुरात जन्मलेल्या एका थोर गोलरक्षकाच्या वाट्याला नेमके हेच आले.

रिचर्ड जेम्स ॲलन यांचा जन्म ४ जून १९०२ रोजी तेव्हाच्या मध्य प्रांतातील नागपुरात, अँग्लो-इंडियन समाजात झाला. शिक्षण मसुरी व नैनितालला झाले. हॉकीत ते बंगालकडून पुढे आले. १९२८ साली ॲमस्टरडॅम येथे भारतीय हॉकी संघ प्रथमच ऑलिंपिकमध्ये उतरला, तेव्हा गोलाची राखण त्यांच्याकडे होती. ऑस्ट्रिया, बेल्जियम, डेन्मार्क, स्वित्झर्लंड आणि अंतिम सामन्यात यजमान हॉलंड अशा पाच संघांवर भारताने २९ गोल चढविले. ॲलन यांनी एकही होऊ दिला नाही. आजच्यासारखे शिरस्त्राण त्या काळी नव्हते. टणक चेंडू अंगावर घ्यायचा तो पायांच्या पॅडवर आणि स्वतःच्या हिमतीवर.

१९३२ मध्ये लॉस एंजेलिसला भारताने अमेरिकेला २४-१ असे नमविले. तो एक गोल झाला तेव्हा ॲलन प्रेक्षकांना स्वाक्षऱ्या देत होते, असे सांगतात. किस्सा खरा असो वा रचलेला, त्यांचे नाव जिथे निघते तिथे आधी तोच निघतो. ॲमस्टरडॅमचे पाच निष्कलंक सामने मागे राहतात. १५ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा ८-१ असा पराभव झाला, तेव्हाही गोलात तेच होते. तीन ऑलिंपिकमध्ये मिळून त्यांच्यावर झालेले गोल अवघे दोन.

या तिन्ही सुवर्णपदक विजेत्या संघांत असलेले खेळाडू दोनच : ध्यानचंद आणि ॲलन. ध्यानचंदांचा जन्मदिवस, २९ ऑगस्ट, राष्ट्रीय क्रीडादिन म्हणून पाळला जातो आणि ते योग्यच आहे. १९६९ साली निवर्तलेल्या ॲलन यांचे नाव मात्र त्यांच्या जन्मभूमीतील विद्यार्थ्यांनाही क्वचितच ठाऊक असते. धावफलकावर झालेले गोल लिहितात, अडविलेले लिहीत नाहीत. ती नोंद ठेवण्याचे काम शिक्षकांचे आहे. येत्या क्रीडादिनी ध्यानचंदांबरोबर ॲलन यांचेही नाव घेतले गेले, तर गोलात उभ्या केलेल्या त्या मुलालाही आपली जागा शिक्षेची नव्हे, विश्वासाची आहे, हे कळेल.