तरुणांच्या हाताला काम देणारा संत

दरवर्षी ३१ जानेवारीला ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करते. तरुणांचा सखा म्हणून आपण सारे त्यांना ओळखतो. परंतु या संताने तरुणांना प्रार्थनेबरोबरच धंद्याचे शिक्षण, हिशेब आणि बचतही शिकवली, हे आपल्याला फारसे ठाऊक नसते.

जॉनचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील बेक्की या खेड्यात, एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. तो दोन वर्षांचाही नव्हता, तेव्हा वडील वारले. आई मार्गारेटने मोठ्या कष्टाने मुलांना वाढवले. जॉनने शिकावे हे सावत्र भावाला मान्य नव्हते. घरातील तंटा मिटावा म्हणून या लहान मुलाला दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून राहावे लागले. पुढे शिक्षण घेताना पोटासाठी त्याने शिंप्याकडे, लोहाराकडे, सुताराकडे आणि कॉफीच्या दुकानातही काम केले. शिकता शिकता मिळालेले हे हातकाम पुढे हजारो मुलांच्या उपयोगी पडणार होते.

५ जून १८४१ रोजी जॉन यांना गुरुदीक्षा मिळाली आणि लोक त्यांना डॉन बॉस्को म्हणू लागले. त्या काळी तुरीन शहर झपाट्याने वाढत होते. खेड्यांतून आलेली कोवळी मुले बांधकामावर विटा वाहत, धुराड्या साफ करीत. ना घर, ना शाळा, ना कोणी विचारणारे. तुरुंगात भेटी देताना डॉन बॉस्को यांना अशीच तरुण मुले गजाआड दिसली. सुटून बाहेर गेलेली मुले पुन्हा आत येत, कारण बाहेर त्यांचे असे कोणीच नव्हते. मुले तुरुंगात जाण्याआधीच त्यांना गाठले पाहिजे, असा निश्चय त्यांनी केला.

८ डिसेंबर १८४१ रोजी, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, चर्चच्या सॅक्रिस्टीत शिरलेल्या एका मुलाला तिथल्या सेवकाने मारून हाकलले. डॉन बॉस्को यांनी त्याला परत बोलावून घेतले. तो बार्थोलोम्यू गॅरेली, सोळा वर्षांचा अनाथ गवंडी होता. त्याच्याबरोबर नमो मरिया म्हणून त्यांनी त्याला धर्मशिक्षण देण्यास आरंभ केला. पुढच्या रविवारी तो मित्रांना घेऊन आला. संख्या वाढत गेली. शेजारी तक्रार करीत, जागा बदलाव्या लागत. अखेर १८४६ च्या ईस्टरला वाल्दोको येथे एक साधी शेड मिळाली.

येथे मिस्सा, खेळ आणि गाणी यांच्या जोडीला रात्रीची शाळा भरू लागली. पीडमाँट प्रांतात १८५० पासून मेट्रिक मापे सक्तीची होणार होती. जुनी मापेच ठाऊक असलेला अडाणी कामगार बाजारात फसला असता. म्हणून डॉन बॉस्को यांनी कारागीर व शेतकऱ्यांना समजेल असे मापांचे सोपे पुस्तक वेळीच लिहून छापले.

१८४७ साली त्यांनी संत अलॉयशियस यांच्या नावाने तरुणांचे मंडळ काढले. या मंडळातील मुलांसाठी १८५० मध्ये परस्पर साहाय्य निधी सुरू केला. प्रत्येकाने दर रविवारी एक सोल्दो, म्हणजे अगदी लहानसे नाणे, जमा करायचे. जो आजारी पडेल त्याला बरा होईपर्यंत त्यातून रोज मदत मिळे. पैसा जपून ठेवणे, हिशेब राखणे आणि दुसऱ्याच्या अडचणीला धावणे हे धडे मुलांनी येथेच गिरवले.

मुलांना कामाला लावताना ते मालकाशी लेखी करार करीत. १८५२ सालच्या एका करारात सुताराने मुलाला दोन वर्षांत धंदा नीट शिकवावा, चुकल्यास शब्दांनी समजवावे, हात उगारू नये, सणावाराला सुट्टी द्यावी, अशा अटी आहेत. मुलाला घरगडी म्हणून राबवता येत नसे. मुलानेही आज्ञाधारक व मेहनती राहायचे होते.

तरीही बाहेरच्या कारखान्यांत मुलांची आबाळ होई. म्हणून १८५३ मध्ये त्यांनी स्वतःच चांभारकाम व शिंपीकामाचे वर्ग सुरू केले. नंतर पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई आणि लोहारकाम आले. १८८४ च्या तुरीन येथील राष्ट्रीय प्रदर्शनात त्यांच्या मुलांनी कागद बनवण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंतचे सारे काम लोकांसमोर करून दाखवले.

३१ जानेवारी १८८८ रोजी डॉन बॉस्को प्रभूघरी गेले. १९३४ मध्ये ईस्टरच्या दिवशी त्यांना संतपद बहाल करण्यात आले. त्यांचे सलेशियन धर्मगुरू १९०६ साली भारतात आणि १९२८ साली मुंबईत आले.

प्रिय बंधुभगिनींनो, आज आपल्या मुलांच्या हाती पदवी असते, पण अनेकांच्या हाताला काम नसते. आपले युवक मंडळ सहल आणि सणाच्या सजावटीपुरतेच राहावे काय? आपल्या धर्मग्रामात इलेक्ट्रिशियन, सुतार, दुकानदार, बँक कर्मचारी आहेत. महिन्यातील एका रविवारी त्यांनी मिस्सानंतर तासभर तरुणांना आपले कसब शिकवले, मंडळाने छोटासा बचत निधी उभा केला, तर काय बिघडेल? डॉन बॉस्को यांची सुरुवातही एकाच मुलापासून झाली होती.

संत जॉन बॉस्को, आमच्या तरुणांसाठी विनंती कर.