बाबा पदमनजी : बेळगावच्या मिशनशाळेचा विद्यार्थी

बेळगावच्या कोणत्याही मराठी ग्रंथसंग्रहालयाने शंभरी साजरी करावी आणि त्या स्मरणग्रंथात बाबा पदमनजींचे नाव असू नये, हे योग्य होणार नाही. मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी लिहिण्याचा मान ज्यांच्याकडे जातो, ते या गावचे. परंतु आमच्या महाविद्यालयीन वर्गांत ‘यमुनापर्यटन, १८५७’ एवढी एक ओळ लिहून दिली की पदमनजी संपतात. त्यांचे धर्मांतर हे या उपेक्षेचे एक कारण आहे, हे मोकळेपणाने मान्य करावयास हवे. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे त्यांना असेच एका ओळीत आटोपले आहे.

बाबा पदमनजी मुळे यांचा जन्म मे १८३१मध्ये बेळगावात एका सुखवस्तू त्वष्टा कासार कुटुंबात झाला. योगायोग असा की, मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती याच वर्षी प्रसिद्ध झाली. पुढे या दोघांची गाठ कशी पडली, ते ओघाने येईलच. बेळगाव तेव्हा इंग्रजी अमलाखाली येऊन बारा-तेरा वर्षेच झाली होती. लष्करी छावणीमुळे मराठी, कानडी, तमिळ आणि इंग्रजी या भाषा एकाच बाजारात ऐकू येत. लंडन मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड जोसेफ टेलर १८२०मध्ये येथे आले व काही वर्षांनी विल्यम बेनन त्यांना येऊन मिळाले. बेननसाहेबांचे नाव गावातील एका जुन्या शाळेच्या रूपाने आजही बेळगावकरांच्या तोंडी आहे.

बालपणी बाबा अत्यंत श्रद्धाळू होते. पोथ्यापुराणे वाचणे, व्रते पाळणे यांत त्यांचा जीव रमे. मराठी शाळेतील शिक्षणानंतर ते मिशनच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले. मुलांना इंग्रजी यावे, सरकारी चाकरी मिळावी, या हेतूने हिंदू पालक या शाळांत मुले पाठवीत. तेथे बायबलचा पाठही असतो हे त्यांना ठाऊक होते; पण मुलगा इंग्रजी तेवढे घेईल आणि धर्म तेथेच ठेवून घरी येईल, असा त्यांचा हिशेब असे. मिशनऱ्यांचा हिशेब नेमका उलटा होता. या दोन हिशेबांच्या मधल्या जागेत एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती शाळा उभी होती.

हा खेळ किती नाजूक होता, ते मुंबईत दिसून आले होते. डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील पारशी तरुणांनी १८३९मध्ये बाप्तिस्मा घेताच शहरात खळबळ उडाली व शाळेतील मुले भराभर काढून घेण्यात आली. नारायण शेषाद्री यांनी १८४३मध्ये धर्मांतर केले. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत याचे प्रकरण न्यायालयात गेले आणि मुलगा घरच्यांच्या स्वाधीन करण्यात आला. पण मिशनऱ्यांकडे राहून जेवलेल्या त्या मुलाला जातीत पुन्हा घ्यावे की नाही, यावरून मोठा वाद माजला. एकेका बाप्तिस्म्याची किंमत शाळेला रिकाम्या बाकांनी मोजावी लागे. तरी काही काळाने मुले परत येत, कारण इंग्रजी हवेच होते.

बाबा मुंबईस गेले ते या घटनांनंतर थोड्याच वर्षांनी. काही दिवस एल्फिन्स्टन शाळेत काढून ते फ्री चर्चच्या शाळेत आले. तेथे त्यांना विल्सन, नेस्बिट व मरे मिचेल यांच्यासारखे शिक्षक लाभले. ही मंडळी स्वतः कसून मराठी शिकलेली होती. येथे इंग्रजी शिकणाऱ्याची मराठी सुटत नसे, हे आजच्या पालकांना सांगावेसे वाटते.

धर्मांतराचा निर्णय मात्र बाबांनी झटपट घेतला नाही. मुंबईत असताना ते परमहंस सभेत सामील झाले. जातिभेद मोडू इच्छिणाऱ्या सुशिक्षितांची ही सभा १८४९च्या सुमारास स्थापन झाली होती. पण तिचे सारे कामकाज गुप्तपणे चाले. मनात एक आणि जनात एक हा प्रकार बाबांना रुचेना. अखेर १८५४मध्ये बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परमुलुखात जाऊन हे करणे सोपे होते. जेथे प्रत्येक उंबरठा ओळखीचा, तेथे ते करण्याला वेगळे धैर्य लागते. घरच्यांचे दुःख किती झाले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. त्या दुःखालाही खोटे म्हणता येणार नाही.

स्त्रियांच्या स्थितीचा विचार त्यांच्या मनात धर्मांतरापूर्वीच सुरू झाला होता. स्त्रीशिक्षणावरील त्यांचा निबंध १८५२चा आहे. विधवाविवाहाचा कायदा १८५६मध्ये झाला आणि पुढच्याच वर्षी ‘यमुनापर्यटन’ आले. पतीसह प्रवास करणारी यमुना ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या ऐकते आणि शेवटी स्वतःच विधवा होते. कथानक सैल आहे, प्रचार उघड आहे, शेवट आधीपासून ठरलेला वाटतो. हे दोष मान्य करूनही असे म्हणावे लागते की, केशवपनाच्या भीतीने थरथरणारी स्त्री मराठी गद्यात इतक्या जवळून यापूर्वी कोणी दाखविली नव्हती. अद्भुतरम्य राजपुत्रांच्या कथा त्यानंतरही कितीतरी वर्षे लिहिल्या जात होत्या.

पुढील आयुष्य त्यांनी पुण्यात व मुंबईत काढले. पुण्यास मिशनच्या शाळेत ते शिक्षक होते, नंतर काही वर्षे तेथील मंडळीचे पाळक झाले. ‘सत्यदीपिका’ चालविली, ‘ज्ञानोदया’च्या संपादनात भाग घेतला आणि लहानमोठी शंभराच्या आसपास पुस्तके लिहिली. त्यांतील बरीच आता कोणी उघडणार नाही. परंतु दोन कामे वेगळी काढावी लागतील. एक १८८८चे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र. परमहंस सभेविषयी काही जाणून घ्यावयाचे तर अभ्यासकाला आजही या पुस्तकाकडे वळावे लागते.

दुसरे काम कोशाचे. मोल्सवर्थच्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत; तो ग्रंथ शाळकरी मुलाच्या पिशवीत किंवा त्याच्या बापाच्या खिशात मावणारा नव्हे. बाबांनी त्याचा संक्षेप करून १८६३मध्ये प्रसिद्ध केला. दोन भाषांच्या शाळेत शिकलेल्या, आणि पुढे तशाच शाळेत शिकविलेल्या माणसाला मुलाची अडचण नेमकी ठाऊक असणार. २९ ऑगस्ट १९०६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या या कोशाची पुनर्मुद्रणे मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही निघत होती, आणि ती विकत घेणाऱ्यांपैकी कितीजणांनी मुखपृष्ठावरील संक्षेपकाराचे नाव वाचले असेल, कोणास ठाऊक.