बेकेलाइटचे जनक : लिओ बेकलंड

आपल्या घरातल्या कुकरची काळी मूठ रोज आचेजवळ असते, तरी ती वितळत नाही. प्लास्टिकची बादली मात्र चुलीजवळ ठेवली तर वाकते. असे का, याचे उत्तर लिओ बेकलंड यांच्या चरित्रात मिळते.

त्यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८६३ रोजी बेल्जियममधील गेंट शहरात झाला. वडील चांभारकाम करीत, आई घरकामाला जाई. मुलाने शिकावे ही आईची इच्छा. लिओ शिष्यवृत्ती मिळवून गेंट विद्यापीठात गेले आणि १८८४ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, डॉक्टरेट झाले. १८८९ मध्ये ते अमेरिकेला गेले. तेथे त्यांनी ‘वेलॉक्स’ हा फोटोचा कागद तयार केला. १८९९ मध्ये त्याचे हक्क कोडॅकच्या ईस्टमन यांनी विकत घेतले. मिळालेल्या पैशातून बेकलंड यांनी घरीच प्रयोगशाळा थाटली.

त्या काळी विजेचा वापर वाढत होता. विजेच्या तारांवर व उपकरणांत विद्युतरोधक म्हणून लाखेचा उपयोग होई. ही लाख म्हणजे आपल्याकडे पळस, बोर अशा झाडांवर होणाऱ्या किड्यांचा स्राव. ती महाग पडे, म्हणून तिला पर्याय हवा होता.

फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड एकत्र केले की चिकट राळ तयार होते, हे जर्मनीच्या बायर यांनी १८७२ मध्येच पाहिले होते. पण भांड्याला घट्ट चिकटणारा तो गोळा कोणालाच उपयोगी वाटला नाही. तापवला की तो फसफसे व सच्छिद्र होई. म्हणून इतरांनी उष्णता कमी ठेवली. बेकलंड यांनी उलट केले. बंद पात्रात उष्णता वाढवली आणि सोबत दाबही दिला. दाबामुळे बुडबुडे धरले नाहीत आणि कठीण, टणक पदार्थ हाती आला. १९०७ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, १९०९ मध्ये शोध जाहीर केला. हेच बेकेलाइट.

साच्यात घालण्यासाठी या राळेत लाकडाचा बारीक भुसा, रंग आणि राळ पक्की करणारे द्रव्य मिसळतात. भुशामुळे वस्तू ठिसूळ होत नाही. गरम साच्यात दाबले की राळेच्या रेणूंचे एकमेकांशी जाळे विणले जाते. ते पुन्हा सुटत नाही. गूळ तापवला की परत पातळ होतो, पण भाजलेल्या विटेचा पुन्हा चिखल होत नाही, तसेच हे. स्विच, प्लग, टेलिफोन, रेडिओची पेटी अशा कितीतरी वस्तू यातून झाल्या. मात्र याच गुणामुळे फुटलेली वस्तू वितळवून नवी करता येत नाही, ही अडचण आजही आहे.

१९२४ मध्ये ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, इतरांनी टाकून दिलेल्या गोळ्याचा बेकलंड यांनी चिकाटीने अभ्यास केला. आपणही प्रयोग फसला म्हणून परीक्षानळी लगेच धुऊ नये. तिच्यात काय उरले ते आधी नीट पाहावे आणि वहीत लिहून ठेवावे.