मोटारीने माहेरी गेलेल्या बर्था बेंझ

बर्था बेंझ यांचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीतील फोर्त्सहाइम या गावी झाला. त्यांचे वडील सुतारकाम व बांधकामाचा धंदा करीत. त्या काळी त्यांच्या भागात मुलींना विद्यापीठात घेत नसत. १९०० सालापासून घेऊ लागले. पण बर्थाबाईंना लहानपणापासून यंत्रांची आवड होती.

त्यांचे लग्न १८७२ साली कार्ल बेंझ यांच्याशी झाले. कार्ल इंजिन बनवीत, पण जवळ पैसा नव्हता. तेव्हा बर्थाबाईंनी लग्नात मिळणारे पैसे लग्नाआधीच वडिलांकडून मागून घेतले आणि कारखान्यात घातले. दागिने नाहीत, साड्या नाहीत! (तिकडे साड्या नसतात म्हणा.)

१८८५ साली कार्ल यांनी तीन चाकी मोटार बनवली. तिला एकच सिलिंडर होता. सिलिंडर म्हणजे लोखंडी नळा. त्यात पेट्रोलची वाफ आणि हवा जाते, दट्ट्याने दाबली जाते, मग ठिणगी पडून पेटते व दट्ट्या जोरात ढकलला जातो. आपल्या फवारणी पंपाचे इंजिनही असेच ठिणगीवर चालते. पंपाला आपण दोरी ओढतो, त्या मोटारीला मागचे मोठे चाक हाताने फिरवावे लागे.

पण मोटार कोणी घेईना. लोकांना भ्या वाटे. कार्ल नाराज झाले.

ऑगस्ट १८८८ मध्ये शाळेला सुट्टी होती. बर्थाबाईंनी नवऱ्याला न सांगता पहाटेच मोटार बाहेर काढली आणि युजेन व रिचर्ड या मुलांना घेऊन मानहाइमहून माहेरी निघाल्या. युजेन १५ वर्षांचा, रिचर्ड १३ वर्षांचा. म्हणजे आपल्याकडे एक दहावीत, एक आठवीत. अंतर शंभर किलोमीटरहून जास्त!

खरी मजा पुढेच आहे. पेट्रोल संपत आले, पण तेव्हा पेट्रोल पंप कुठेच नव्हते. व्हीसलोख गावी औषधाच्या दुकानात डाग काढायचे लिग्रोइन नावाचे तेल मिळे, ते इंजिनात चाले. मग तेच घेतले. पुढे इंजिन बंद पडले. पेट्रोलच्या नळीत कचरा अडकला होता. बर्थाबाईंनी टोपीची लांब टाचणी काढली आणि नळी साफ केली. मग ठिणगीची तार उघडी पडली. मोजे घसरू नयेत म्हणून बांधतात तो पट्टा काढून त्यांनी तारेला गुंडाळला. साखळी बिघडली तेव्हा लोहाराकडे गेल्या. ब्रेकचे लाकूड झिजले, तर चांभाराकडून त्याला चामडे ठोकून घेतले. पाणी तर जागोजागी घालावे लागे, नाहीतर इंजिन तापे. चढ आला की दोन्ही पोरे खाली उतरून ढकलत.

मला वाटते, नुसती टाचणी असून चालत नाही. कचरा कुठल्या नळीत अडकतो ते माहीत पाहिजे. कारखान्यात राहून बर्थाबाई ते शिकल्या होत्या.

आमचा फवारणी पंप सुरू झाला नाही की काका दोरी ओढून ओढून घामाघूम होतात. मग पंप तालुक्याला नेतात, त्यात दिवस मोडतो आणि कीड वाढते. माझी ताई आठवीत आहे. तिच्या हायस्कुलात इंजिन खोलून दुरुस्ती शिकवतात. ताईला नाव द्यायचे आहे, पण आजी म्हणते की पोरींनी ऑइलात हात घालू नयेत. आई अजून काहीच बोलली नाही. उद्या पालकसभेला आई येणार आहे, म्हणून मी हे मोठ्या अक्षरात लिहिले आहे.

त्या दिवशी अंधार पडता पडता बर्थाबाई माहेरी पोचल्या आणि त्यांनी कार्लना तार केली. काही दिवसांनी त्याच मोटारीने परतही आल्या. चढावर मोटार दमते हे त्यांनी सांगितल्यावर कार्ल यांनी आणखी एक गिअर बसवला. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात मोटारीला सुवर्णपदक मिळाले. युजेन व रिचर्ड हे दोघेही पुढे मोटारींच्याच धंद्यात पडले.

बर्थाबाई ५ मे १९४४ रोजी वारल्या. तेव्हा त्यांना ९५ वर्षे पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते. त्या ज्या रस्त्याने गेल्या त्याला २००८ साली त्यांचे नाव दिले. व्हीसलोखच्या त्या औषधाच्या दुकानाला लोक जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणतात.

(इयत्ता ४ थी)