मल्लविद्येचे थोर उपासक बाळंभटदादा देवधर

आपल्या वार्षिक मेळाव्यात अलीकडे एक प्रश्न आम्हांस हटकून विचारला जातो. चिरंजीव वयाच्या मानाने फार स्थूल दिसू लागले आहेत, किंवा दिवसभर खुर्चीवर बसून स्वतःचेच पोट सुटले आहे, तेव्हा कोणती युद्धविद्या शिकावी? कराटे बरे की ज्यूदो? की तायक्वांदोच्या वर्गात नाव घालावे? विचारणाऱ्यांत नाशिक व नाशिकच्या आसपासची कुटुंबे पुष्कळ असतात. त्यांच्या तोंडून हा प्रश्न ऐकला की आम्हांस मौज वाटते आणि थोडी खंतही वाटते. कारण याच प्रश्नाने ज्याला दोन शतकांपूर्वी घेरले होते, आणि ज्याने त्याचे उत्तर याच जिल्ह्यातील एका डोंगरावर शोधले, तो पुरुष आपल्या विस्मरणात गेला आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत बाळंभटदादा देवधर यांचे अल्प चरित्र सादर करण्याचे आम्ही योजिले.

दादांचा जन्म १७८० सालचा. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात गोदावरीच्या काठी कोठुरे म्हणून गाव आहे, ते त्यांचे जन्मगाव. बाळंभट जनार्दन देवधर हे पूर्ण नाव. भिक्षुकी व वेदविद्या चालत आलेल्या घराण्यांतील मुलाने लंगोट कसून तांबड्या मातीत उतरावे, याचे त्या काळी आजच्याइतके आश्चर्य वाटत नसे. नमस्कार, जोर, बैठका हे संध्येइतकेच नित्याचे होते. दादा पुण्यास आले आणि दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी राहून पुढे त्यांचे व्यायामगुरू झाले. बाजीराव १७९६ च्या अखेरीस गादीवर आले, त्या वेळी दादा अवघे सोळा-सतरा वर्षांचे होते.

त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेलेली हकीकत याच काळातली. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब या नावांचे दोन मल्ल पुण्यास आले. धिप्पाड देहाचे, गावोगावच्या कुस्त्या मारून आलेले. त्यांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिले, आणि दरबारातील नामांकित मंडळी खाली माना घालून बसली. तेव्हा बाळंभट उठून उभे राहिले व त्यांनी आव्हान स्वीकारले. मात्र तयारीसाठी काही दिवसांची मुदत मागून घेतली. या मुदतीत ते पुण्याच्या कोणत्याही तालमीत गेले नाहीत. ते निघाले ते थेट वणीच्या सप्तशृंगी गडावर.

ज्यांनी गड पाहिला आहे त्यांस निराळे सांगणे नको. खडकात कोरलेली अठरा भुजांची देवी, समोर मार्कंडेयाचा डोंगर, आणि वर जाणाऱ्या शेकडो पायऱ्या. (२०१८ पासून तेथे विजेवर चालणारी गाडी झाली आहे. वृद्धांची मोठीच सोय झाली. परंतु वजन उतरविण्याच्या इच्छेने आम्हांस प्रश्न विचारणाऱ्या तरुण मंडळींनी त्या गाडीत बसू नये, एवढी प्रेमाची सूचना.) गडावर दादांनी देवीचे अनुष्ठान मांडले. परंपरा अशी सांगते की तेथे त्यांस मारुतीचा दृष्टान्त झाला. वानररूपाने त्याने लाकडी खांबावर नाना प्रकारचे डाव, पकडी व उड्या करून दाखविल्या. ते सारे मनात साठवून दादांनी अभ्यास केला, पुण्यास परत येऊन अलीस अस्मान दाखविले, आणि तो प्रकार पाहून गुलाबाने आपण होऊनच लढण्याचे नाकारले.

दृष्टान्ताची कथा ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावी. गडावर आजही वानरांची वर्दळ असते, आणि एकाग्र चित्ताने दिवसचे दिवस बसलेल्या मल्लाने झाडावर चढणाऱ्या, उतरणाऱ्या, शेपटीवर तोल सांभाळणाऱ्या वानराकडे पाहून काही उमजून घ्यावे, यात देवीची कृपा व मनुष्याची बुद्धी दोन्ही सामावतात. आम्हांस त्या कथेत अधिक महत्त्वाची वाटते ती दादांनी केलेली निवड. प्रतिपक्षी आपल्याहून वजनाने भारी आहे, हे त्यांस दिसत होते. थोड्या दिवसांत दूध-तूप रिचवून त्याच्याएवढे होणे अशक्य होते, आणि झाले असते तरी ती प्रतिपक्ष्याचीच विद्या ठरली असती. दादांनी उलट वाट धरली. दुसऱ्याचे ओझे उचलण्यापूर्वी स्वतःचे शरीर स्वतःस उचलता आले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. जपानात पुढे १८८२ साली ज्यांनी ज्यूदोची स्थापना केली ते जिगोरो कानो हेही लहानपणी अंगाने किरकोळच होते, व दांडग्या मुलांच्या जाचातूनच ते युयुत्सूकडे वळले. दोघांची गाठ पडली असती तर त्यांस दुभाष्याची गरज फारशी लागली नसती.

मल्लखांब ही वस्तू दादांनी शून्यातून निर्माण केली असे मात्र नव्हे. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. मधल्या काळात ती विद्या जवळजवळ लोपली होती. दादांनी तिला पुन्हा उभे केले, वळण लावले आणि शिष्यांच्या हाती सोपविले. म्हणून त्यांस जनक न म्हणता पुनरुद्धारक म्हणणे आम्हांस अधिक योग्य वाटते. दादांचे मोठेपण त्याने तिळभरही उणे होत नाही.

खांबाचे मर्म असे. सागवानी किंवा शिसवी लाकडाचा, वर निमुळता होत गेलेला खांब जमिनीत पक्का पुरतात. त्याचे अंग, मान आणि बोंड असे तीन भाग. कुस्तीगिराने त्यास प्रतिपक्षी समजावे. पोटरीने व मांडीने आवळावे ती अढी, काखेत धरावे ती बगली. दसरंग, फिरकी, वेल, सुईदोरा, ताजवा ही नावे तर ऐकतानाच हालचाल डोळ्यांपुढे आणतात. जोडीदार मिळो न मिळो, एकच पकड शंभर वेळा घोटता येते आणि त्यात कोणाचा हातपाय दुखावत नाही. खांबास एरंडेल चोळतात. त्यामुळे कातडी सोलवटत नाही, आणि घामेजलेल्या मल्लाचे अंग धरण्याचा सरावही होतो. ज्या मांड्या, जे दंड व ज्या पोटाच्या शिरा कुस्तीत निकराच्या वेळी लागतात, त्याच येथे क्षणोक्षणी कामास लागतात. आणि स्थूल माणसाच्या दृष्टीने पाहता येथे वजनकाट्याची आवश्यकताच नाही. अंगावर चढलेला शेर दोन शेर खांब तत्काळ सांगतो.

१८१७ साली खडकीची लढाई झाली, १८१८ च्या जूनमध्ये बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाले, आणि सालीना आठ लाखांच्या तनख्यावर कानपूरनजीकच्या ब्रह्मावर्तास जाऊन राहिले. राज्य गेले की पदरची माणसे पांगतात. दादा पांगले नाहीत. ते ब्रह्मावर्तास गेले. आम्हांस त्यांच्या चरित्रातील हा भाग अली-गुलाबाच्या कुस्तीहूनही मोठा वाटतो. ज्या दरबारासाठी विद्या कमावली तो दरबार उरला नव्हता, आव्हान देणारे मल्ल येत नव्हते, बिदागीची आशा नव्हती. तरी त्यांनी मुले जमवून शिकविण्याचे सोडले नाही. नानासाहेब, तात्या टोपे आणि पुढे झाशीची राणी झालेली मोरोपंत तांब्यांची मनू या सर्वांनी त्यांच्या हाताखाली मल्लखांबाचे धडे घेतले, असे परंपरेने सांगितले जाते. तात्या टोपे मूळचे आपल्या येवल्याचे. ब्रह्मावर्ताच्या त्या आखाड्यात निफाडचे गुरू आणि येवल्याचा शिष्य समोरासमोर उभे राहिले असतील, या कल्पनेने कोणा नाशिककराचे मन भरून येणार नाही?

काशीसही दादांनी आखाडा घातला. तेथील एका शिष्याची आठवण येथे मुद्दाम करून देतो, कारण आरंभी सांगितलेल्या प्रश्नाशी तिचा निकटचा संबंध आहे. कोंडभट नाना गोडबोले हे देहाने अतिशय स्थूल होते असे सांगतात. अशा माणसास पाहून आखाड्यात हसू फुटते. तेव्हाही फुटले असेल, आजही फुटते. दादांनी त्यांस हसून घालविले नाही. पदरात घेतले, कष्टविले, आणि त्या देहातूनच आपला एक प्रमुख शिष्य घडविला. पुढे मल्लखांबाच्या गुरुपरंपरेत कोंडभटनानांचे नाव दामोदर गुरू मोघे यांच्यासारख्यांच्या बरोबरीने घेतले जाऊ लागले. अलीस चीत करणे हे काही दिवसांचे काम होते. कोंडभटांस घडविणे हे वर्षांचे काम होते, आणि ते पाहावयास दरबार भरलेला नव्हता.

दादा १८५२ साली निवर्तले. बाजीराव त्यांच्या आधी वर्षभर, १८५१ च्या जानेवारीत गेले होते. पुढच्या पाच वर्षांत ब्रह्मावर्ताची राखरांगोळी झाली. विद्या मात्र शिष्यांच्या पाठीवरून महाराष्ट्रात, बडोद्यास, माळव्यात पसरली. वेताचा मल्लखांब होता. वेत मिळेनासा झाला तेव्हा दोरीचा आला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार दाखविले. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली, तीत परदेशी मुलेमुली खांबास वंदन करून चढताना लोकांनी पाहिली. दादा आपले, हा अभिमान आपण अवश्य बाळगावा; पण त्यांची विद्या ज्ञातीच्या कुंपणात कधीच राहिली नाही, आणि आज ती उत्तम प्रकारे करणारी मुले सर्व समाजांतून येतात, हेही आपल्या घरांतून मुलांस सांगितले पाहिजे.

आता त्या प्रश्नाकडे वळतो. कराटे, ज्यूदो या विद्या चांगल्याच आहेत. चांगला गुरू जवळ असेल तर त्या खुशाल शिकाव्यात. आमचे म्हणणे इतकेच की नाशिकमध्ये यशवंत व्यायामशाळेसारख्या जागी मल्लखांब असताना त्याचा विचारही न करता पुढे जाऊ नये. मात्र स्थूल प्रकृतीच्या माणसाने पहिल्याच दिवशी बोंडावर चढण्याची हौस धरू नये. रक्तदाब, हृदय, मणका व गुडघे यांविषयी वैद्यांस आधी विचारावे, कारण येथे डोके खाली व पाय वर करावे लागतात. पहिले काही महिने चालणे, नमस्कार व बैठका यांतच जातील. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांस आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे, तो यातच पुरा होतो. मग साधी पकड, मग पहिली अढी. आणि ताटातील चौथी पोळी व दुपारचे फरसाण तसेच राहिले तर कोणतीही युद्धविद्या वजन उतरवीत नाही, हे गृहिणींसमोर स्पष्ट लिहून ठेवतो. घरोघरी त्यावरून वाद होतील ते होवोत. मुलींसही अवश्य पाठवावे. दोरीवर त्या मुलांहून लवकर तरबेज होतात, असा आमचा अनुभव आहे.

पाठविताना सोबत एक जुनी चड्डी वेगळी द्यावी. एरंडेलाचे डाग धुऊन सहसा निघत नाहीत.