सूर्याकडून औषध मागणारा डॉक्टर

मुरमांमुळे गालावर पडलेले खड्डे लेझरने जातात का, हा प्रश्न आता नांदेड-लातूरच्या तरुण मुलामुलींनाही पडतो. प्रकाशाने चेहऱ्यावर उपचार करता येतात, हे जगाला पटवून देणारा डॉक्टर मात्र लेझरच्या शोधाआधी निम्मे शतक होऊन गेला. त्यांचे नाव नील्स फिन्सेन.

१५ डिसेंबर १८६० रोजी डेन्मार्कच्या ताब्यातील फेरो बेटांवर त्यांचा जन्म झाला. हिवाळ्यात तिथे ऊन दुर्मिळच. वैद्यकीय शिक्षणासाठी ते कोपनहेगनला आले आणि १८९० मध्ये डॉक्टर झाले. विद्यार्थी असतानाच त्यांना असाध्य आजार जडला. पोटात पाणी साठे, सतत थकवा असे. खोली उत्तरेकडे तोंड असलेली होती. उन्हात बसले की बरे वाटते, हे त्यांच्या लक्षात आले. सावली आली की मांजरही उठून पुन्हा उन्हात जाऊन बसते, हे त्यांनी पाहिले. उन्हात नेमके काय असते, या प्रश्नाने त्यांना मग सोडले नाही.

१८९३ मध्ये त्यांनी देवीच्या रुग्णांना लाल प्रकाशाच्या खोलीत ठेवण्याचा उपाय सुचवला. चेहऱ्यावर वण कमी राहतील, अशी आशा होती. हा उपाय पुढे टिकला नाही. दुसरा प्रयत्न मात्र इतिहास घडवून गेला.

त्या काळी युरोपात त्वचेचा क्षय बराच आढळे. त्यात नाक, ओठ, गाल झिजत जात आणि रुग्ण लोकांपासून तोंड लपवून जगत. १८९५ मध्ये फिन्सेन यांनी अशा एका रुग्णावर विजेच्या प्रखर दिव्याचा झोत टाकून उपचार सुरू केले आणि गुण येऊ लागला. खरी अडचण उष्णतेची होती. प्रकाश एकवटला की कातडी भाजते. म्हणून त्यांनी स्फटिकाची भिंगे वापरली, मध्ये थंड पाणी खेळवले आणि त्वचेवर भिंग दाबून तेवढ्या जागेतले रक्त बाजूला सारले. उष्णता अडवायची आणि हवा तोच प्रकाश हव्या त्या जागी पोचवायचा, असे हे तंत्र होते. १८९६ मध्ये कोपनहेगनला त्यांची प्रकाशोपचार संस्था उभी राहिली. पहिल्या काही वर्षांतच शेकडो रुग्ण तिथे बरे झाले.

१९०३ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा ते चाकाच्या खुर्चीला खिळलेले होते. पुरस्काराच्या रकमेतील मोठा वाटा त्यांनी रुग्णसेवेसाठी दिला. आपल्या आजाराच्या नोंदीही ते शेवटपर्यंत ठेवत राहिले. २४ सप्टेंबर १९०४ रोजी, वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्वचेचा क्षय आज गोळ्यांनी बरा होतो, फिन्सेन यांचा दिवा लागत नाही. मात्र त्यांना पडलेला पेच आजच्या लेझरपुढेही आहे. खड्ड्यांसाठी वापरला जाणारा कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ मध्ये शोधला, तो बारामतीत जन्मलेल्या आणि पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या कुमार पटेल यांनी. त्याचा किरण त्वचेतले पाणी शोषते आणि वरचा पातळ थर वाफ होऊन उडतो. त्या उष्णतेने आतल्या थरात नवे कोलॅजन तयार होऊ लागते. 'फ्रॅक्शनल' प्रकारात किरण बारीक ठिपक्यांत पडतो, मधली त्वचा शाबूत राहते आणि जखम लवकर भरते. खड्डे त्याने उथळ होतात, पूर्णपणे पुसले जात नाहीत. फरक दिसायला काही महिने लागतात.

उष्णता जास्त झाली, तर गव्हाळ-सावळ्या त्वचेवर काळे डाग उठतात आणि मराठवाड्याचे ऊन ते आणखी गडद करते. म्हणून मुरमे आधी आटोक्यात आणावीत. ओठांवर वारंवार जर येत असेल, जखमेचा वण जाड होत असेल किंवा मुरमांच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगावे. उपचारानंतर उन्हापासून चेहरा काटेकोरपणे जपावा. लेझर पार्लरमध्ये नव्हे, तर त्वचारोगतज्ज्ञांकडूनच करून घ्यावा. नांदेड आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. निदान सल्ला तरी तिथे आधी घ्यावा.

फिन्सेन यांनी दिवा प्रखर केला, पण त्याआधी रुग्णाची कातडी भाजणार नाही याची सोय केली. लेझरसाठी खुर्चीत बसण्यापूर्वी समोरच्यानेही ती केली आहे ना, एवढे विचारून घ्यावे.